घरचं माणूस आल्याशिवाय उड्डाण नाही

नागोयाला उतरले त्या दिवशी जपान सरकारने मला आश्रित ठरवलं. पासपोर्टात तसा शिक्काच आहे. नवरा कामाला आलेला आणि ही त्याच्यावर अवलंबून, असा त्याचा अर्थ. नवरा सॉफ्टवेअर इंजिनिअर. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रोजेक्टसाठी पुण्या-मुंबईहून बरीच घरं उचलून तिकडे नेऊन ठेवली होती, त्यातलं एक आमचं. पुण्यात मी एका संघटनेचं काम करत होते. राहतं घर बायकोच्याही नावावर हवं, ही आमची मागणी. पत्रकं मी लिहायची, छापून मी आणायची आणि मंडईच्या कोपऱ्यावर उभी राहून वाटायचीही मीच. 'भगिनींनो, परवानगी मागू नका, हक्क मागा!' हे वाक्य माझं. त्या वाक्याच्या लेखिकेने इमिग्रेशनच्या खिडकीत आश्रित असल्याचा शिक्का दोन्ही हातांनी घेतला आणि वर 'अरिगातो', म्हणजे आभारी आहे, असंही म्हटलं.

फ्लॅट शहराच्या कडेला, मोठ्या नदीच्या बांधाजवळ. शेजारी आपलीच माणसं. बायका दुपारी एकमेकींकडे जमायच्या आणि तूरडाळ टोकियोहून मागवावी की कोबेहून, यावर बोलायच्या. मला डाळीबद्दल मत नव्हतं, त्यामुळे मी एकटी पडले. बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी करायची, तर आश्रितांना वेगळी परवानगी काढावी लागते. परवानगी मागायची नाही हे तर ठरलेलं. तेव्हा माझ्याकडे वेळ भरपूर, संताप त्याहून जास्त, आणि संतापावं असं मात्र तिथे काही सापडेना. गाड्या वेळेवर, रस्ते धुतलेले, कचरासुद्धा जातवार वेगळा केलेला. कार्यकर्त्याची अशी उपासमार मी कुठे पाहिली नाही.

मला वाचवलं रविवारच्या आवाजाने.

दर रविवारी सकाळी नदीपलीकडून एक आवाज यायचा. गवत कापायचं यंत्र रागावलं तर जसं बोलेल, तसा. माझा नवरा आठवड्यात फक्त रविवारी झोपायचा, आणि त्या आवाजाने तो कूस बदलायचा. कष्टकऱ्याच्या झोपेवर घाला! मुद्दा मिळाला. मी सायकल काढली आणि पुलावरून पलीकडे गेले, जाब विचारायला.

पलीकडे नदीकाठी एक लांबट मैदान, एक पत्र्याची खोली आणि टोप्या घातलेले आठ म्हातारे. सगळे निवृत्त. कुणी जन्मभर गिअरबॉक्स केलेले, कुणी ब्रेक, एक दातांचे डॉक्टर. मी जात होते त्या मोफत भाषेच्या क्लासमधल्या दुसऱ्या पुस्तकातलं जपानी वापरून म्हटलं, "आवाज होतो."

त्यांनी टोप्या काढल्या. माफी मागितली. पुन्हा मागितली. मला खुर्ची दिली, चहा दिला, सोललेलं संत्रं दिलं आणि पुढच्या आठवड्यापासून उशिरा सुरू करू असं सांगून टाकलं. माझी दुसरी मागणी निघायच्या आत पहिली मान्य! चळवळीचं इतकं नुकसान पुण्यात कुठल्या बिल्डरलाही जमलं नव्हतं.

आता आलेच आहे तर बघावं म्हणून बघितलं. एक खुर्ची. खाली तीन चाकं. डोक्यावर दोन पंखे, एकावर एक, उलट दिशांनी फिरणारे. छोटी छोटी इंजिनं, आणि वरून खाली आलेला एक दांडा, हाताने धरायला. भिंत नाही, काच नाही, शेपूट नाही. हे हेलिकॉप्टर आहे असं ते म्हणाले.

"दुसरा कुठे बसतो?" मी विचारलं.

"दुसरा बसत नाही," क्लबचे अध्यक्ष म्हणाले. यंत्र त्यांचंच होतं.

"मग शिकवणारा?"

"आम्ही खालून ओरडतो."

"बायकांना चालवता येतं?"

आठही जणांनी दातांतून हवा आत ओढली. जपानमध्ये हा आवाज आला की समजायचं, आता बराच वेळ काही होणार नाही. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी अतिशय नम्रपणे विचारलं, "ओकुसान, तुमचं वजन किती?" ओकुसान म्हणजे कुणाची तरी बायको. मी वजन सांगितलं आणि त्यांचे चेहरे उजळले. यंत्राला हलकं माणूस फार मानवतं. मला बघायला आलेल्या स्थळांनीसुद्धा माझं वजन इतक्या आदराने ऐकलं नव्हतं.

अशी मी क्लबात गेले. एका माणसापुरतं यंत्र! यात कुणी कुणाचं आश्रित असूच शकत नाही, आश्रिताला बसायला जागाच नाही. हा विचार मला इतका आवडला की पुढचं वर्षभर मी त्यासाठी गवत कापलं. नव्या सभासदाने गवत कापायचं, अशी तिथली रीत. ही उघड सरंजामशाही होती आणि मी बोलूनही दाखवलं, पण माझ्या शेजारी अध्यक्षही दर रविवारी गवतच कापत असायचे. यंत्राचा मालक, आणि वसंतापासून एकदाही त्यावर न बसता वाकून गवत कापतोय! नेतृत्व असावं तर असं, मी मनात म्हटलं आणि पुढचा पट्टा घेतला.

सरकारी परवानगी यंत्राची वेगळी, मैदानाची वेगळी, माणसाची वेगळी. ती सगळी क्लबने काढली. मी मागितली नाही, म्हणून ती चालली. शिकणं मात्र दोरीवर. यंत्राला चार बाजूंनी दोऱ्या बांधायच्या, दुसरी टोकं जमिनीतल्या खुंट्यांना, आणि कमरेएवढ्या उंचीवर गोठ्यातल्या म्हशीसारखं डुलत राहायचं. दांडा झुकवाल तिकडे यंत्र जातं. घट्ट धरला की ते बिथरतं, सैल धरला की भटकतं. सुरू करण्याआधी एकेका नटबोल्टकडे बोट दाखवून मोठ्याने 'योशी!' म्हणायचं, म्हणजे ठीक आहे. मला आधी ही पूजाअर्चा वाटली. नंतर माझंही बोट आपोआप उठू लागलं. एकदा स्वयंपाकघरात गॅसकडे बोट दाखवून मी 'योशी' म्हटल्यावर नवरा म्हणाला, "तुला आरतीचं ताट घेऊन देऊ का?"

त्याला माझा हा उद्योग माहीत होता. पण त्याचा प्रश्न एकच असायचा.

"दोरी आहे ना?"

"आहे."

"मग ठीक आहे," असं म्हणून तो पुन्हा झोपायचा.

पुढच्या शरदात एका रविवारी अध्यक्षांनी सांगितलं की मी दोरीशिवाय उडायला तयार आहे. मैदानाची एक फेरी, झाडांच्या शेंड्यांपेक्षा वर न जाता. मी बोटांवर हिशेब केला. हिवाळा लागला की डोंगरावरून वारा सुटतो आणि क्लब बंद होतो. मार्चमध्ये नवऱ्याचा प्रोजेक्ट संपून आम्ही पुण्याला. म्हणजे हाती होते ते थोडेसे रविवार. ते गेले की संपलं. पुण्यात मला कोण हेलिकॉप्टर देणार होतं?

"पुढच्या रविवारी," मी म्हटलं.

"हो, हो. घरून कोण येईल?"

"घरून कशाला?"

मग त्यांनी समजावलं. जपानी घरातून कुणी बाहेर पडलं की मागे राहणारं माणूस म्हणतं, इत्तेराश्शाई. म्हणजे, जाऊन ये. या क्लबात दोरीशिवाय उडायचं तर घरच्या माणसाने मैदानावर येऊन तसं म्हणायचं. कुणी आलं नाही, तर त्या दिवशी उड्डाण नाही. दर रविवारी बांधावर दोन-तीन म्हाताऱ्या येऊन उभ्या राहायच्या, त्या डबा घेऊन येतात असं मी वर्षभर समजत होते.

"म्हणजे माझ्या नवऱ्याने येऊन परवानगी द्यायची?"

"परवानगी नाही. फक्त जाऊन ये म्हणायचं."

"आणि नाही म्हटलं तर?"

पुन्हा दातांतून हवा.

माझा संताप, जो दीड वर्ष उपाशी होता, तो ताट पुढे आल्यासारखा बसला. पासपोर्टात आश्रित, हाक मारताना ओकुसान, आणि आता हवेतसुद्धा नवऱ्याच्या तोंडचा शब्द घेऊन जायचं? त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. 'उड्डाण हा प्रौढ नागरिकाचा हक्क आहे! घरच्यांच्या संमतीची प्रथा रद्द करा!' खाली पाच मुद्दे. जपानी तपासायला आमच्या मोफत क्लासच्या बाईंकडे नेलं. त्यांनी ते इतक्या प्रेमाने दुरुस्त केलं की जाहीर निषेधाची सुरुवात झाली, 'थंडीचे दिवस जवळ येत असताना आपल्याला तसदी देत आहे याबद्दल अत्यंत संकोच वाटतो, परंतु...' मी ते पुन्हा कडक केलं, कोन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या, मशीनवर प्रती काढल्या आणि रविवारी आठही जणांच्या हातात एकेक ठेवली.

आठ माणसांना पत्रक वाटायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि उभ्याउभ्या वाचलं. पुण्यात लोक पत्रकात भजी बांधतात. इथे एकेक ओळ वाचली जात होती. विरोधाची मी पूर्ण तयारी केली होती.

"फार छान लिहिलंय," ब्रेकवाले म्हणाले.

"लोकशाहीचा मुद्दा मला पटला," दातांचे डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "प्रौढ नागरिक. बरोबर आहे. मी बहात्तर वर्षांचा आहे. मला किती दिवस विचारून उडायचं?"

"आमची ही मागचे तीन रविवार आली नाही," तिसरे म्हणाले. "नातवाचं बारसं, मग दुखणं, मग पाऊस पडेल म्हणून. पडला नाही."

आणि मग सगळं बाहेर पडलं. पूर्वी एक सभासद घरी मासे धरायला जातो म्हणून सांगून आला आणि यंत्रासकट पडला. पाय मोडला. घरी फोन केला तर बायको म्हणाली, चुकीचा नंबर लागलाय, आमचे हे मासे धरायला गेलेत. त्यानंतर सगळ्यांच्या बायका एका घरी जमल्या आणि ही प्रथा सुरू झाली. पुरुषांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

"आणि अध्यक्ष?" मी विचारलं.

दातांच्या डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "वसंतात त्यांना घरी एकदा चक्कर आली. तेव्हापासून त्यांची बायको येत नाही."

"म्हणून ते उडत नाहीत?"

"म्हणून ते गवत कापतात."

माझं आयुष्य बायकांची मोट बांधण्यात गेलं होतं. इथे माझ्या झेंड्याखाली आठ नवरे गोळा झाले, आणि समोरचा जुलमी पक्ष म्हणजे त्यांच्या बायका! पण तत्त्व ते तत्त्व. ते कुणाच्या सोयीचं पडतंय हे बघून मागे घेता येत नाही. पत्र्याच्या खोलीत बैठक भरली.

बैठकीत मी मुद्दा तीनवर आले होते तेवढ्यात बाहेर एक छोटी पांढरी गाडी थांबली आणि अध्यक्षांच्या पत्नी आत आल्या. हातात मुळ्याच्या लोणच्याचा डबा. आठ क्रांतिकारक भराभर उभे राहिले आणि त्यांना बसायला जागा करू लागले. अध्यक्षीणबाईंनी पत्रक मागून घेतलं, चष्मा लावून पूर्ण वाचलं.

"अक्षर तुमचं?"

"हो."

"सुंदर आहे. एवढं लिहायला शिकलात, कष्ट झाले असतील." मग त्यांनी पत्रकाची नीट घडी केली. "काढून टाका की ही प्रथा. लिहिलेली कुठेच नाही. मला रविवारी लोणच्याचं काम असतं, यायचं की नाही हा प्रश्नच मिटेल."

वाद घालायला उघडलेली माझी प्रत मी मिटली.

"तुमच्या घरी काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"घरी काय म्हणतात हा प्रश्नच नाही."

"तो नसेलच. पण काय म्हणतात?"

मी नवऱ्याला विचारलंच नव्हतं. विचारायचं नाही हाच तर मुद्दा होता. मी पुन्हा मुद्दा एकपासून समजावलं. त्या मान हलवत ऐकत राहिल्या, सगळ्यांना लोणचं वाढलं आणि गेल्या. प्रथा एकमताने रद्द झाली. माझ्या कारकिर्दीतला हा पहिला संपूर्ण विजय.

पुढच्या रविवारी आकाश असं की पापड वाळत घालावेत. वारा नाही. यंत्र पुसून मैदानाच्या मधोमध. बांधावर एकही म्हातारी नाही, आणि आठ स्वतंत्र पुरुष त्याच्याभोवती उभे.

"हवा छान आहे."

"फारच छान."

"तुम्ही आधी जा."

"छे छे, तुम्ही."

"मला सकाळपासून जरा गुडघा..."

"माझा नातू यायचाय."

अध्यक्ष यंत्राजवळ गेले. दांड्यावर हात ठेवला, काढला. मग खोलीत जाऊन गवत कापायचं यंत्र घेऊन आले. थोड्या वेळाने दुसरेही आपापली हत्यारं घेऊन निघाले. त्या दिवशी त्या मैदानावर गवत असं राहिलं नाही.

मी हेल्मेट घालून उभी. "मी तयार आहे," मी म्हटलं. "मला सोडा."

एका माणसाचं यंत्र, पण सोडायला खाली दोघं लागतात. एक इशारा देणारा आणि एक आग विझवायचा डबा घेऊन उभा राहणारा. दातांच्या डॉक्टरांनी एका इंजिनाला हात लावून पाहिला. "आज ते थोडं गार वाटतंय," ते म्हणाले. मी दुसऱ्यांकडे पाहिलं. त्यांनाही ते गारच वाटत होतं.

हे बहिष्काराचं हत्यार आम्ही पुण्यात कितीदा वापरलंय! माझ्यावर कुणी इतक्या हळुवारपणे वापरलं नव्हतं.

तेव्हा घरी येऊन मी सामोपचाराचं धोरण घेतलं. नवरा फरसबी मोडत बसला होता.

"पुढच्या रविवारी मोकळा आहेस?"

"का गं?"

"मैदानावर ये. एक शब्द म्हणायचाय. इत्तेराश्शाई."

"दोरी आहे ना?"

"या वेळी नाही."

त्याने हातातली शेंग खाली ठेवली. "मग मी नाही म्हणणार."

"मी तुला परवानगी विचारत नाहीये."

"मग काय करतेयस?"

"बोलावतेय. उपचार म्हणून."

"अगं, पण प्रथा तूच मोडलीस ना? पत्रक चांगलं होतं. मी ऑफिसात दोघांना दाखवलं. आता प्रथा नाही, तर माझं काय काम तिथे?"

"ते लोक सोडत नाहीत मला."

"शहाणे आहेत."

"म्हणजे तू अडवतोयस."

"नाही बुवा. तू जा. मी कोण अडवणारा? पण जाऊन ये असं तोंडाने म्हणायला मला नाही जमणार. मला भीती वाटते. भीतीसाठी तुझ्या पत्रकात एखादा मुद्दा आहे का?"

नव्हता.

"हा भावनिक दबाव आहे," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला आणि शेंगा मोडू लागला.

नवरा अडवतो तेव्हा काय करायचं, याच्या आमच्याकडे शिबिरं व्हायची. नवरा अडवतही नाही आणि नाहीही म्हणतो, याचं शिबिर कुणी घेतलं नव्हतं. आठवडाभर आम्ही फक्त कचऱ्याबद्दल बोललो: आज जळणारा की प्लास्टिकचा.

रविवारी मी एकटीच गेले. या वेळी बांधावर म्हाताऱ्या होत्या. कोण कुणासाठी आलं होतं कळेना, पण अध्यक्षीणबाईही उभ्या होत्या, अध्यक्षांपासून बऱ्याच लांब. कुणीही घरच्या माणसाचं नाव काढलं नाही. प्रथा रद्दच होती. फक्त, आधी चहा होऊ दे असं ठरलं. मग संत्री. मग पुन्हा चहा. आणि सगळेजण अगदी सहज पुलाकडे बघत होते.

शेवटी पुलावरून सायकल आली. नवऱ्याने ऑफिसचा काळा कोट घातला होता. दुसरा गरम कोट त्याच्याकडे नव्हता. आठही म्हातारे टोप्या काढून रांगेत उभे राहिले, एखादा मंत्री उतरावा तसे.

तो यंत्राभोवती एक फेरी मारून माझ्यासमोर आला. "याला भिंती नाहीत?"

"नाहीत."

"हेलिकॉप्टर म्हणाली होतीस."

"हेच ते."

"अगं, ही खुर्ची आहे. आपल्या गॅलरीतली हिच्यापेक्षा बरी."

अध्यक्ष पुढे आले. "आपण आलात, फार उपकार झाले. ओकुसानना काही सांगायचं असेल तर..."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत, अगदी हळू, म्हणाला, "माझं उत्तर तेच आहे. नाही."

सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. अध्यक्षीणबाईंचाही.

"जाऊन ये, म्हणतोय," मी जपानीत सांगितलं.

नवरा रोज जपानी माणसांबरोबर मीटिंगा करायचा. त्याला ते वाक्य कळायला काही अडचण नव्हती. त्याचे कान लाल झाले. तो आता तोंड उघडणार असं मला वाटलं, पण त्याआधी आठ जणांनी कमरेतून वाकून त्याला नमस्कार केला. जपानमध्ये समोरचा वाकला की आपली पाठ आपली राहत नाही. तोही वाकला.

मी पट्टे आवळले. बोट दाखवत प्रत्येकाला 'योशी' म्हटलं. इंजिनं सुरू झाली, आणि दातांच्या डॉक्टरांना ती आज मुळीच गार वाटली नाहीत.

दोरी नसलेलं यंत्र वेगळंच निघालं. वर्षभर ते कमरेएवढं जाऊन हिसका बसला की थांबायचं. आज हिसका येईना. मी वाट बघत राहिले आणि तोवर खोलीचा पत्रा माझ्या पायांखाली होता. त्यावर कुणीतरी वाळत टाकलेले हातमोजे दिसले. माझे पाय लोंबत होते, चपला घरी काढून आल्यासारखे हलके. नदी लांबवर वळलेली दिसली, आमची इमारत दिसली, तिच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या गाद्या. दांडा उजवीकडे झुकवला, मैदान डावीकडे सरकलं. कुणी ओरडत नव्हतं. ओरडलं असतं तरी ऐकू आलं नसतं. सगळ्या कपाळांवर टोप्यांच्या सावल्या, आणि एक काळा कोट, जो जागचा हलत नव्हता. खरं सांगायचं तर त्या वेळी एकही मुद्दा मला आठवला नाही. फेरी पूर्ण करून मी उतरले. थोडी डावीकडे, पण तिन्ही चाकांवर.

टाळ्या वाजल्या. नवरा जवळ आला.

"आता त्यांना सांग, मी काय म्हणालो होतो ते."

"आता? झालं ना सगळं नीट!"

"आता. मी त्या माणसांचे नमस्कार घेतलेत."

मी सांगितलं. जपानीत ते फारच छोटं वाक्य होतं.

दातांतून हवा ओढल्याचा आवाज पहिल्यांदाच बांधावरच्या बायकांच्या बाजूनेही आला. कुणी रागावलं नाही. पत्र्याच्या खोलीत बैठक बसली, नवऱ्यालाही चहा आणि संत्रं मिळालं. बऱ्याच वेळाने अध्यक्षांनी निर्णय सांगितला. उड्डाण सुंदर होतं. हात मोकळा होता. उतरताना थोडं डावीकडे, ते सुधारेल. पण ओकुसानना कुणी पाठवलंच नव्हतं, तेव्हा त्या गेल्या असं म्हणता येणार नाही. त्यांचं पहिलं उड्डाण अजून व्हायचंय असं समजावं.

"पण मी उडाले!" मी ओरडले. "तुम्ही सगळ्यांनी बघितलं!"

"बघितलं," दातांचे डॉक्टर म्हणाले. "छान होतं."

"मग?"

"पण झालं नाही."

"ती प्रथा रद्द झालीय! याच खोलीत! एकमताने!"

"हो, हो. नियम नाहीच आता," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "हा नियम नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. निदान त्याने तरी या उघड अन्यायावर काही बोलावं! तो संत्र्याच्या फोडीवरचे धागे काढत होता, आणि अध्यक्षीणबाई त्याच्या पुढ्यात लोणचं सरकवत सांगत होत्या की इथे उभं राहायला फार थंडी वाजते, पुढच्या वेळी मफलर आणा.

परतताना आम्ही सायकली हातात धरून पुलावरून चालत आलो. मी तावातावाने दुसऱ्या पत्रकाचे मुद्दे सांगत होते. डोळ्यांदेखत झालेली गोष्ट बहुमताने न झालेली ठरवणं, हा तर थेट...

"कुठल्या बाजूने पळायचं ते मी ठरवलं होतं," नवरा मध्येच म्हणाला.

"काय?"

"तू वर होतीस तेव्हा. नदीकडे पडलीस तर खोलीच्या मागून रस्ता जवळ. इकडे पडलीस तर सरळ. आग विझवायचा डबा त्या ब्रेकवाल्यांकडे होता, पण त्यांचा गुडघा दुखतो. म्हणून मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. आणि अँब्युलन्सला काय म्हणतात ते दातांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं."

"काय म्हणतात?"

"क्यूक्यूशा."

दीड वर्षात हा शब्द मी शिकले नव्हते. मी तो मनात दोनदा म्हटला. खाली नदी, आणि पुलाच्या कठड्यातून येणारा वारा आदल्या रविवारपेक्षा गार होता. अजून एखाद-दुसरा रविवार मिळेल, फार तर.

"येशील पुढच्या रविवारी?" मी विचारलं.

"ते नाही विचारायचं. दुसरं विचार."

मी थांबले. तोही थांबला. मागून एक बाई घंटी वाजवत सायकलवरून गेली, तिला आम्ही दोघांनी माफी मागून वाट दिली.

"मी जाऊ?"

त्याने पलीकडे मैदानाकडे पाहिलं. तिथे म्हातारे यंत्रावर ताडपत्री बांधत होते.

"बघू," तो म्हणाला. "सकाळी वारा किती आहे ते बघू."